पिंपळपानाचा गळा

— तो गळा ना? पाठीवर पिंपळपान कापलेला? मग वैनी, बरोबर जागी आलात तुमी, बसा. तो गळा निघाला ह्याच दुकानातून. दत्तराव लेडीज टेलर, अख्ख्या परभणीत कुणालाबी इचारा — न्हाई, तसं कुणाला इचारायची गरज न्हाई, मी सांगायलोय ना. त्या स्टुलावर नका बसू, डुगडुगतंय ते, खुर्ची घ्या. गर्दी न्हाई म्हून इकडंतिकडं बघायलात व्हय? दुपारची नसतेच गर्दी. लग्नसराई हाय खरी, पण दुपारच्या बायका जरा पडतात. साहेब इथल्या शेतकी विद्यापीठात बदलून आले म्हणता, म्हंजे तुमी नव्या, तुमाला इथला सीझन ठाऊक नसंल. तुळशीचं लग्न लागलं की आमचा सीझन सुरू, तो पार आखाड लागेपतूर. कुणाच्या पोरीनं कसला गळा घातला, कुणाच्या सुनेची बाही किती फुगली, ह्यावर गावात जितकी चर्चा होते तितकी इलेक्शनवर होत न्हाई. आन ती फॅशन ठरवायचं कुणी? मी. हसू नका, खरं तेच सांगायलोय. सीझनच्या आधी मी मुंबईला जायचो. मोठ्या दुकानांच्या काचेसमोर उभं ऱ्हायचं, नमुना डोळ्यात भरून घ्यायचा आन परतीची गाडी धरायची. एका साली घंटीची बाही आणली, मनगटापाशी ही एवढी रुंद. लय चालली — पंगतीत वाढणाऱ्या बायकांच्या बाह्या वरणात बुडेपतूर चालली. मग उंच कॉलर आणली. ती उन्हाळ्यातल्या एका लग्नात नवरदेवाच्या आत्याला सोसली न्हाई, चक्कर येऊन पडली बिचारी, आन डॉक्टरनं पैलं काम काय केलं असंल तर माझी कॉलर कापली. त्या साली मी मुंबईला गेलोच नव्हतो म्हणा, जालन्याला बहिणीकडंच राहून — म्हंजे तब्येत बरी नव्हती. जालन्यातबी दुकानं हायत. ते सोडा.

तर सत्यशीला. सत्यशीला कोण म्हंजे — होती एक बाई माझ्याकडं कामाला. तिचं सांगितल्याबिगर त्या गळ्याचं सांगता येत न्हाई म्हून सांगतो, न्हाईतर एवढं काय. गंगाखेडकडल्या एका खेड्यातली. नवऱ्याचं गावात शिलाईचं दुकान होतं, तिथंच हात बसला तिचा. अठ्ठ्याहत्तरला औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं आन गावोगावी जे काय झालं — वाईटच झालं, मी न्हाई म्हणत न्हाई — त्यात दुकान जळालं, मशीन गेली, नवऱ्यानं हाय खाल्ली आन त्यातच गेला. मग ही पोरीला घेऊन परभणीला आली. जयभीमवाली. आपल्याला तसलं काई न्हाई, वैनी, मी तिचा हात बघितला आन लगेच ठेवून घेतली. पण गिऱ्हाईकाचा इचार करावा लागतो. म्हून तिची मशीन मागच्या खोलीत मांडली आन मधी हा पडदा लावला. चांगला हाय पडदा, बघा, फुलाफुलांचा, मुद्दाम आणलेला. बायका जुनं पोलकं मापाला द्यायच्या, मी टिपून घ्यायचो, कापड आत सरकवायचो, शिवलेलं बाहेर आणायचो. कुणाला तकलीफ न्हाई. तिलाबी न्हाई. म्हंजे मी कधी इचारलं न्हाई, पण असती तर बोलली असती.

अशात तिच्या भाचीचं लग्न निघालं. त्यांच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी ऱ्हाते. तिचं पोलकं सत्यशीलानं इथंच शिवलं, भाकरी खाऊन झाल्यावर जो वेळ मिळायचा त्यात. पाठीचा गळा गोल न्हाई, चौकोनी न्हाई — वर रुंद, खाली निमुळता, शेंड्याला जरासिक वळलेला, आन कडेनं निळी पायपिंग. मी म्हणलं, हे काय गं? म्हणली, 'पिंपळाचं पान हाय, दादा. बोधिवृक्षाचं.' मी म्हणलं, असंल बाबा. ते पोलकं इस्त्री करून हितं पुढं खुंटीला लटकवलेलं, आन नेमकी दिनकररावांची धाकटी दुकानात आली. दिनकरराव म्हंजे लय बडं प्रस्थ, येलदरी धरणाच्या पाण्यावर भिजणारी जमीन, बाजार समितीत शब्दाला वजन. पोरीचं लग्न ठरलेलं, कापडाचा गठ्ठाच घेऊन आली होती. त्या पोलक्यावरनं तिनं बोट फिरवलं, मागून बघितलं, पुढून बघितलं, म्हणली, 'मला लग्नात असंच पाहिजे, डाळिंबी रंगात. कुठली फॅशन ही?' मी म्हणलं, मुंबईची. तोंडातून आपसूक गेलं. नाव काय म्हणली, तर म्हणलं, राणी गळा. तेबी आपसूकच.

मग काय इचारता, वैनी. वकिलीणबाईला राणी गळा, पेढीवाल्याच्या सुनेला राणी गळा, तालुक्याहून बैलगाडीतनं येऊन बायका रांगेत बसायल्या. हळदीकुंकवाला गेलं की एकमेकींकडं पाठ करून बसायच्या, पुढून बघण्यासारखं काई उरलंच न्हाई कुणाजवळ. मी दाराला नवा रंग दिला. दुसरे टेलर माझ्या कचऱ्यातले कागदाचे तुकडे उचलायले. आन सत्यशीला आत शिवता शिवता मधीच एकटी हसायची. मी पडद्याआडून इचारलं, काय झालं? म्हणली, 'काई न्हाई, दादा. सगळ्या गावानं बोधीचं पान पाठीवर घेतलंय आन कुणाला सांगायची सोय न्हाई.' मी म्हणलं, सोय न्हाई तर सांगू नको. हसण्यावारी नेलं मी. सीझन जोरात होता, कशाला उगं.

आन ऐन सीझनात नामांतराचा मोर्चा निघाला, कलेक्टर कचेरीवर. हिनं सुट्टी मागितली. मी म्हणलं, बाई, मोर्चे दरसाली निघतात, लग्नं काय दरसाली — म्हंजे लग्नंबी निघतात, पण माझा मुद्दा तिला समजला पाहिजे होता. न्हाई समजला. गेली. दिनकरराव त्या दिवशी बाजारात एका आडत दुकानाच्या ओट्यावर चहा पीत बसलेले. मोर्चा समोर आला तवा त्यांनी मान वर केली न्हाई. मोर्चा पुढं गेला आन मग बघितलं, तर बायकांच्या पाठी. पांढऱ्या साड्या, ओळीच्या ओळी, आन पाठीपाठीवर तेच पान. हिनं सगळ्या वस्तीला शिवून दिलं होतं, मला पत्ता न्हाई. दिनकरराव म्हणे कपबशी तशीच ठेवून उठले. कारण तसलंच पोलकं घालून त्यांची पोरगी त्याच सकाळी घरभर हिंडत होती, आरशाकडं पाठ करून.

दुसऱ्या दिवशी बाप-लेक दोघं हितं. ह्या टेबलावर त्यांनी डाळिंबी पोलकं टाकलं. 'दत्तराव, ते पान काढून टाका.' मी म्हणलं, 'मालक, पान म्हंजे कापड न्हाई, मोकळी जागा हाय ती. मोकळी जागा काढता येत न्हाई, बुजवता येते.' 'मग बुजवा. आन सांगा, हे शिवलं कुणी?' आता तुमीच सांगा वैनी, काय सांगणार होतो मी? म्हणलं, मी. 'सुचलं कुणाला?' म्हणलं, मलाच. 'मग त्या मोर्च्यातल्या बायकांच्या अंगावर कसं काय?' म्हणलं, 'नक्कल, मालक. त्या लोकांना चांगलं काई दिसलं की उचलतात.' एवढं म्हणलो आन आतली मशीन थांबली. मशीन चालू असते तवा ध्यानात येत न्हाई, थांबली की दुकान एकदम मोठं झाल्यासारखं वाटतं. पडदा सारून ती बाहेर आली. गळ्यात टेप, ओठात टाचण्या. मला वाटलं आता भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं. मी दोघांना समजावलं असतं, मिटलं असतं. पण तिनं माझ्याकडं बघितलंच न्हाई. टेबलावरलं पोलकं उचललं, पोरीच्या पाठीला लावलं, म्हणली, 'जरा वळ, बाई. खांद्यात सैल होणार हे मला वाटतच होतं. तुझं माप दुसऱ्याच्या हातनं आलं, मला तुला बघायला मिळालं न्हाई.' आन पोरगी वळली. दिनकररावांनी तोंड उघडलं, पण टाचण्या लेकीच्या पाठीला लागायलेल्या, एखादी टोचंल म्हून असंल, पुन्हा मिटलं. मग सत्यशीलानं पोरीला इचारलं, 'पान बुजवू का ठेवू? पाठ तुझी हाय.' बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भाड्यावरनं घासाघीस करायला होता, त्याचा शब्दन् शब्द आत ऐकू आला. पोरगी म्हणली, 'ठेवा. आन खांदा तुमीच करा.'

मी? मी काय करणार, मी टेप गुंडाळत होतो.

खांदा केला तिनं. इस्त्री केली, घडी घातली, पोरीच्या हातात दिली — माझ्या हातात न्हाई. मग आपली पिशवी घेतली आन पुढच्या दारानं निघून गेली. त्याआधी कधी पुढच्या दारानं आली-गेली नव्हती, मागल्या बोळातनंच असायचं तिचं. लग्न झालं थाटात. दिनकरराव लेकीच्या मागं शाल धरून उभे होते म्हणतात, पण किती धरणार, व्याही जेवायला बोलवायले, शाल खुर्चीवर ऱ्हायली. सगळ्या फोटोत पान हाय.

तिनं आता स्टेशनकडं दुकान टाकलंय. टाकू द्या. मीबी गळा करतोच की, नमुना काय कुणाच्या बापाचा असतो? करतो, पण माझं पान जरा — एक बाई म्हणली विड्याचं दिसतंय. दुसरी म्हणली बदक. बायकांना काय कळतं. आता आमच्या धाकटीचं लग्न तोंडावर आलंय. तिचं पोलकं कुठं शिवायचं हा प्रश्नच न्हाई, घरात टेलर असताना — परवा धाकटीच्या पिशवीत शिवून आलेल्या पोलक्याची घडी दिसली. मंडळी म्हणली, तुमी जेवून घ्या. जेवलो. नंतर घरात कुणी नव्हतं तवा ते पोलकं उलटं करून आतली शिलाई बघितली. अस्तराची कड कुठं दिसंल तर शपथ. खांदा असा की पोरीनं अंगात न घालताबी अंगात घातल्यासारखा. समोर उभं करून माप घेतलं असणार. माझ्या लेकीला समोर उभं करून, कुणाची लेक हाय ते ठाऊक असून, तिनं — धाकटीला मी इचारलं, काई म्हणली का गं ती? तर म्हणली, 'हां, म्हणली, दादांची तब्येत बरी हाय का.'

उठलात? कापड आणलंय ना पिशवीत, दाखवा तरी. न्हाई? मग मघापासून तुमी काय इचारायला होतात — पत्ता? तिचा? तसं सांगायचं की आल्या आल्या, मी उगं बोलत बसलो. रिक्षावाल्याला म्हणा, स्टेशनच्या अलीकडं पाण्याच्या टाकीपाशी सोड. टाकीच्या डाव्या अंगाला लिंब हाय, त्याच्या सावलीत बायका बसलेल्या दिसतील, तेच. पायरी पैल्यांदा मोडकी होती, आता नवी बसवलीय. मला काय ठाऊक म्हंजे, येता-जाता दिसतं माणसाला. थांबावं लागंल तुमाला, गर्दी असते. माझं नाव सांगा, दत्तरावांनी पाठवलं म्हणा, जल्दी करून — न्हाई. नका सांगू. काईच सांगू नका. जावा तुमी, आन तेवढं दार ओढून घ्या, धुरळा येतोय आत.