बायोस अपडेट आणि मोबाईलचा चार्जर

अजूनही आठवलं का डोकं फिरते, सांगतो. फुलचूरले आमच्या घरी जुना कॉम्प्युटर होता. बायको तिच्या आईकडून ऐकलेली पोवारी बोलीतली लग्नाची गाणी त्यावर टाइप करून राहिली होती. जागा संपली म्हणून मोठी हार्ड डिस्क आणली, तर मशीन तिले ओळखेचना. डिस्क विकणारा दुकानदार घरी आला अन् म्हणे, "मशीनचा आतला प्रोग्रॅम जुना आहे, बायोस अपडेट करना पडेगा. पर बीच में लाइट गई तो मशीन खतम!"

त्यानं आमचा कूलर बंद करवला, मिक्सर बंद करवला. आम्ही घामाघूम होऊन गुपचूप बसलो. अपडेट अर्ध्यावर होतं, तेवढ्यात याच्या मोबाईलची बॅटरी संपली. यानं आरामात कॉम्प्युटरचा प्लग उपसला अन् स्वतःचा चार्जर लावला! स्क्रीन काळी.

मी ओरडलो, "अरे, काय करून राहिला तू?"

तर मलेच म्हणते, "भैया, आपके घर में प्लग कम हैं. वैसे भी मशीन पुरानी थी."

पुरानी! बायको उठली, त्याचा मोबाईल कपाटात टाकला अन् चावी कमरेले खोचली. "हा तर नवीन आहे ना? मंग राहू द्या इथंच. माही मशीन चालू करा अन् घेऊन जा."

नागपूरले स्वतः जाऊन त्यानं बायोसची नवीन चिप आणली, मशीन चालू केली, तवाच मोबाईल सुटला. माफी तर सोडाच, जाता जाता विचारते, "भाभी, चार्ज तो कर दिया ना?"