परत आलेली फ्लॉपी

(जयपूर, १९८८. रेल्वे क्वार्टर, हिवाळ्यातला रविवार. गार्ड भीमराव नुकते ड्युटीवरून आलेत. त्यांची बायको यमुना मटार सोलतेय. मुलगी जयंती घरभर येरझाऱ्या घालतेय.)

भीमराव : म्या म्हटलं होतं का नव्हतं? नुसतं जयंती लिव, आडनाव नको लिवू. अमेरिकेले फ्लॉपी गेली अन् आली परत. गजभिये वाचलं, दिली परत!

जयंती : अमेरिकेतल्या प्रोफेसरला गजभिये मतलब काय, हे कुठून कळणार, बाबा?

भीमराव : तुह्या मालकाले तरी कुठं कळत होतं? बनी पार्कात कंप्युटरची इन्स्टिट्यूट काढून बसला. विचारलंच ना त्यानं?

जयंती : विचारलं. 'गजभिये? ब्राह्मण हो?' मी म्हटलं, नाही, बौद्ध. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मटक्यापाशी माझा ग्लास वेगळा.

यमुना : अन् तू पेते त्या ग्लासानं?

जयंती : नाही. घरून बाटली नेते.

भीमराव : पाह्य. त्याच्या इन्स्टिट्यूटच्या पोरायले कंप्युटर शिकवते हे, अन् पाणी घरून!

यमुना : चप्पल घालून फिरू नको घरात. बस तरी. अन् मले कोणी नीट सांगन का, त्या फ्लॉपीत इकाले काय पाठवलं होतं?

जयंती : विकायला नाही गं आई. एक प्रोग्राम आहे, कंप्युटरवरचं कागदावर छापायचा. तो लिहिणाऱ्या त्या प्रोफेसरने त्याला कुलूप लावलं नाही. आतलं सगळं उघडं. कुणीही घ्या, वापरा. चूक दिसली तर दुरुस्त करा आणि त्याला पाठवा. तो पुढे सगळ्यांना देतो, आणि दुरुस्त करणाऱ्याचं नाव प्रोग्रामच्या डोक्यावर लिहितो.

यमुना : फुकट?

जयंती : फुकट.

यमुना : येडेच हायेत. मंग, तुले चूक सापडली?

जयंती : छापताना दर पानाची शेवटची ओळ गिळायचा तो प्रोग्राम. आत तीन ओळी बदलल्या, की काम झालं.

यमुना : तरी परत काहून आली? काय म्हणते तो मानूस?

भीमराव : काय म्हणन? हे लोक तोंडावर थोडीच म्हणतेत. मह्या प्रमोशनच्या टायमाले साहेब म्हणे, 'भीमरावजी, आप तो बहुत मेहनती हैं, अगली बार।' झालं. अजून येऊन राह्यली ते अगली बार!

यमुना : अवो, तुमचं नाई विचारत. पोरी, त्याची चिठ्ठी वाच. मराठीत वाच.

जयंती : 'प्रिय गजभिये, आभार. पण तुम्ही नेमकं काय बदललं तेच मला कळत नाही. जवळजवळ प्रत्येक ओळ वेगळी आहे. एवढं सगळं तपासणं मला शक्य नाही. फक्त त्या चुकीपुरता बदल पाठवा.' बस. एवढंच.

भीमराव : आभार मानून हाकललं.

यमुना : थांबा वो. सगळ्याच ओळी वेगळ्या कशा? तू तं तीनच म्हणली.

जयंती : चूक त्या तीन ओळींतच होती.

यमुना : मंग?

जयंती : बाकीचं मी साफ केलं. त्याने कशीही नावं दिली होती, कुठेही जागा सोडली होती. सगळं नीट लावलं. कितीतरी रविवार गेले त्यात.

यमुना : त्यानं सांगतलं होतं?

जयंती : नाही.

यमुना : मह्या फळीवरचे डबे कोणी न विचारता हलवले, तं मी काय करतो?

जयंती : घर डोक्यावर घेतेस! पण मी काय करायचं होतं? तीन ओळी बघून तो म्हणाला असता, हिला एवढंच येतं! लहानपणापासून कानात काय ओतलंत बाबा तुम्ही? 'ते एक करतील तं तू दहा कर, तवा तुले माणसात धरतील.' वर्गात सगळ्यांच्या वह्या मळक्या चालायच्या, माझी नाही. घ्या, केले दहा!

भीमराव : खोटं सांगतलं का म्या?

जयंती : खोटं नाही ना, म्हणून तर डोकं फिरलंय! इथे दहा करून ग्लास वेगळा. आणि हा म्हणतो, तीनच द्या.

भीमराव : बहाणा हाय तो.

जयंती : बहाणा असता तर 'अगली बार' म्हणाला असता. याने काय चुकलं ते सांगितलंय. बाबा, आजवर मला कुणीकुणी परत पाठवलं. काम वाचून, कामासाठी परत पाठवणारा हा पहिलाच.

भीमराव : अन् त्याचा तुले आनंद?

जयंती : राग आलाय! भयंकर! पण या रागाचं मला काहीतरी करता येतं.

यमुना : आता कुठं निघाली? जेवून जा.

जयंती : मालक लग्नाला चौमूंला गेलाय, चावी चौकीदार भैयाकडे आहे. कंप्युटर आज रिकामा. त्याचा मूळ प्रोग्राम काढते, तीन ओळी घालते, फ्लॉपी पुन्हा भरते.

यमुना : अन् तुही साफसफाई?

जयंती : टाकायची. जिवावर येतंय, पण टाकायची.

भीमराव : थांब. सुरवातीले काय लिवलं म्हणली त्यानं?

जयंती : 'प्रिय गजभिये.'

भीमराव : आडनाव राहू दे मंग. पुरं लिव.

यमुना : ही बाटली घे.

जयंती : नको. आज मालक नाही. आज मटक्यातलं पिते, मिळेल त्या ग्लासाने.

भीमराव : आज कायले? उद्या पे. तो समोर असतानी पे.