अण्णांच्या गडग्यापाशीच्या लाल बाटल्या

हसू नका, पण आमच्या बंड्याची लघवी अडली तेव्हा माझा संशय थेट शेजारच्या अण्णांवर गेला. आमचा हा कुत्रा रोज त्यांच्या चिऱ्याच्या गडग्यापाशीच, म्हणजे बुटक्या दगडी कुंपणापाशीच, पाय वर करायचा, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिथे पायथ्याशी लाल पाण्याच्या बाटल्या उभ्या राहिल्या. कुत्री लांब राहावीत म्हणून ठेवतात ना, तशा. बंड्या कुंथायचा, कण्हायचा, पण थेंबभरच व्हायची.

डॉक्टर म्हणाले, "मूत्राशयाला सूज आहे. औषध द्या, पाणी भरपूर पाजा."

"बाटल्यांना घाबरून तुंबवली असेल का हो?"

डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी माझ्या हातात कोंबली आणि पुढच्या कुत्र्याला आत बोलावलं.

मी तडक अण्णांना गाठलं. "तुमच्या बाटल्यांना घाबरून आमचा बंड्या मुतेनासा झालाय!"

"माझ्या कुठल्या? तुझ्या आईने आणून ठेवल्यान. म्हणाली, बंड्या रोज तुमच्याकडे घाण करतो, लाज वाटते."

पाच दिवस औषध चाललं. सहाव्या सकाळी आई, मी आणि अण्णा गडग्यापाशी श्वास रोखून उभे. बंड्याने हुंगलं, पाय वर केला आणि भरभरून धार सोडली, ती नेमकी मधल्या बाटलीवर.

अण्णा माझ्याकडे वळले. "घाबरलाय हो, फारच घाबरलाय!"