रुमाना राहते कुठं?

(पुणतांब्याजवळच्या वस्तीवरची जिल्हा परिषदेची शाळा. पोरं घरी गेलेली. शाळेचे एकमेव शिक्षक शरच्चंद्र सर, आणि रुमानाची आई जहिरा.)

जहिरा : चुगली तुमीच केली ना, सर?

सर : मी कुणाला काही कळवलेलं नाही. हे पत्र शिक्षण खात्याचं आहे. राहात्याच्या इंग्लिश शाळेत रुमानाला पहिलीची मोफत जागा लागली, ती पत्ता त्या शाळेजवळचा दाखवला म्हणून. ती खरंच तिथं राहते का, ते मला लिहून मागितलंय.

जहिरा : राहती. खोली घेतलीय आमी.

सर : कुठल्या गल्लीत?

जहिरा : भाड्याचा कागद हाय माझ्याकडं.

सर : कागद कुणीही करून देतो. मी गल्ली विचारली.

जहिरा : तुमाला गल्लीची कशाला पडलीय? पटाची पडलीय. रुमाना हितं आली तर वीस पोरं, न्हाई तर एकोनीस. मंग शाळा बंद आन् तुमची बदली. समदं ठावं हाय मला.

सर : माझी बदली होईल हो. त्या एकोणीस पोरांनी कुठं जायचं?

जहिरा : तिकडं फी सरकारच भरनार हाय. माझ्या एकटीच्या पोरीनं काय घोडं मारलंय?

सर : तिथली फी भरायला सरकार तयार आहे. इथं दुसरा शिक्षक मागून मला तीन वर्षं झाली.

जहिरा : मंग सरकारशी भांडा की! माझा अझहर चार वर्सं हितंच बसला, तुमच्या म्होरं. पाचवीला गेला तवा त्याला यष्टीची पाटी वाचता येत नव्हती. राहात्याला निघाला आन् श्रीरामपूरला उतरला. रडत हुता तिथं.

सर : मला कधी बोलला नाहीत.

जहिरा : तुमाला दिसलं न्हाई? चार वर्सं?

सर : चार वर्ग, मी एकटा. त्यात रोज माहिती भरा, फोटो पाठवा... नाही. दिसायला हवं होतं.

जहिरा : काय लिवनार पत्रात?

सर : तुम्ही या वस्तीवर राहता. खरं तेच आहे.

जहिरा : म्हंजी पोरीची जागा गेली. झाले तुमचे वीस.

सर : झाले. अझहरला उद्यापासून साडेचारला पाठवा. वाचायला शिकवतो.

जहिरा : का?

सर : माझंच राहिलंय ते.

जहिरा : त्याचं नाव धरत्यात का पटावर?

सर : नाही. तो आता दुसऱ्या शाळेचा.

जहिरा : ...मंग पाचला यील. त्या शाळेतनं चालत येतंय पोरगं.