ताईची पाळी

नाही, पण म्हाताऱ्या माणसानं झोक्यावर बसू नये असं लिहिलंय कुठं? दाखवा ना मला! हसू नका. तिथंही असेच हसले होते सगळे, पहिल्याच मीटिंगमध्ये. आमच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेवर बाग होणार, त्यासाठी नागरिकांच्या सूचना हव्यात म्हणून नगरपालिकेनं बोलावलं होतं, आणि नागरिक काय, सुटलेच! कुणाला तळं हवं, कुणाला धावायला रस्ता, एकाला तर ध्यानाला बसायला घुमट हवा होता, कारण म्हणे घरात बायको शांत बसू देत नाही. माझी वेळ आली. मी म्हटलं, एक झोका द्या. मोठ्या माणसांना बसता येईल असा. झालं! बागखात्याचे साहेब चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "आजी... झोका? तुम्हाला?"

मला नाही हो! ताईला. माझी थोरली बहीण. आम्ही पाच भावंडं, शाळेच्या मैदानात झोका एकच, आणि झोके द्यायला कोण? ताई. "ताई जोरात! ताई, अजून जोरात!" आम्ही चौघं आळीपाळीनं आभाळाला पाय लावून यायचो, आणि हिची पाळी आली की नेमकी आईची हाक यायची, चला घरी, अंधार पडला. पुढे हिनं स्वतःच्या पोरांना झोके दिले, नातवंडांना दिले, आणि एक दिवस मटार सोलता सोलता मला म्हणते, "अगं, मी झोक्यावर कधी बसलेच नाही बघ." सहज हं! ती आपली मटार सोलतीये, आणि इकडे माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. रडूच आलं मला. म्हटलं, ताई, तुला झोक्यावर बसवलं नाही तर नाव बदलीन.

आता तुम्हाला सांगते, माझा सगळा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. "लाइन व्यस्त आहे, थोड्या वेळानं प्रयत्न करा," हे मीच लोकांना सांगत होते. तेव्हा टोलवाटोलवी मला शिकवू नका! त्या साहेबांनी गोड आवाजात म्हटलं, "आपली सूचना तत्त्वतः मान्य आहे," तेव्हाच मी ओळखलं, हा गृहस्थ रिसीव्हर बाजूला काढून ठेवणार.

मग आला आर्किटेक्ट. दाढीवाला. गुणी हो! त्यानं एवढा मोठा कागद पसरला. मधोमध तळं, तळ्याकाठी झाडं आणि झाडाखाली झोका, त्यावर एक बाई सुद्धा काढली होती, केस उडताहेत! "काकू, या बघा तुमच्या ताई." ताईनं तो कागद दोनदा पाहिला. म्हणाली, "केस जरा जास्तच काढलेत रे." पण खूश झाली होती, मला कळतं ना.

त्यानंतर साहेबांची बदली. नवे साहेब. नव्या साहेबांना तळं नको, डास होतात. तळ्याचं झालं कारंजं. कारंज्याला वीज लागते, म्हणून कारंज्याचा झाला हौद. हौदात कुणी पडलं तर? हौदाची झाली कुंडी. मी म्हटलं, बरं, कुंडीत झाड? "ते पुढच्या टप्प्यात." मी म्हटलं, ते सगळं राहू द्या, झोका कुठंय? "तत्त्वतः..." अहो, तत्त्वावर बसता येतं का?

आणि काम सुरू झालं तेव्हाची तर तऱ्हाच वेगळी! आधी काय बांधावं? भिंत. चारही बाजूंनी पक्की भिंत, फाटक एवढंसं. मग कंत्राटदाराच्या लक्षात आलं, मातीचा ट्रक आत जाणार कसा? फोडली भिंत. माती आली, रोलर फिरला, पुन्हा भिंत बांधली, प्लास्टर केलं, रंग दिला... आणि रोलर आत! मी गॅलरीतून बघतीये, तो कंत्राटदार रोलरभोवती प्रदक्षिणा घालतोय, डोकं खाजवतोय. मी वरूनच ओरडले, "रोलर राहू द्या हो, झोका कुठंय?" त्यानं वर बघितलंसुद्धा नाही. माझा आवाज ओळखीचा झाला होता ना.

तुम्हाला वाटेल, म्हातारी हट्टाला पेटली. पेटली होती! कारण बागेला घाई नव्हती, ताईच्या गुडघ्यांना होती. पहिल्या मीटिंगला ही बाई धडाधड जिना उतरून आली होती. हौदाची कुंडी झाली तोवर हातात काठी आली. भिंत दुसऱ्यांदा बांधली तेव्हा जिन्यात माझा खांदा लागायला लागला. मी ते सारं साहेबांना सांगितलं, तर म्हणतात, "मग आजी, अशा अवस्थेत झोका कशाला? त्यांच्यासाठी बाक आहेत ना!" बाक! बाकावर बसून हिनं काय करायचं, तर दुसऱ्यांची पोरं झोके घेताना बघायची! उभ्या आयुष्यात तेच तर केलंय! मी टेबलावर असा हात आपटला की त्यांचा चहा बशीत आला. म्हटलं, झोका घेतल्याशिवाय हलणार नाही.

घाबरले. दाढीवाल्याला बोलावलं. आणि मग निघाली ती खरी मेख. त्या खात्यात, तुम्हाला सांगते, दोनच टेबलं. एका टेबलावर खेळणी, दुसऱ्यावर बसण्याची व्यवस्था. खेळण्यांचं टेबल म्हणतं, "खेळणी फक्त लहान मुलांची. मोठ्यांचा झोका आमच्याकडे येत नाही." बसण्याचं टेबल म्हणतं, "मोठ्यांचं असेल तर आमच्याकडे येतं, पण बसण्याची वस्तू हलता कामा नये." दाढीवाला बिचारा या टेबलावरून त्या टेबलावर, त्या टेबलावरून या टेबलावर! अख्ख्या खात्यात तेवढा एकच झोका हलत होता.

शेवटी एकदाचं झालं उद्घाटन. फीत कापली, भाषणं झाली, आणि साहेब स्वतः मला हाताला धरून घेऊन गेले. "घ्या आजी! तुमचा झोका!" खरंच हो! दोन खांब, रुंद फळी, पाठीला टेका, पोपटी रंग. माझ्या डोळ्यांत पाणी. ताईला बसवलं. मागे गेले, पदर खोचला, दोन्ही हात लावले आणि दिला धक्का... हलेना! अजून जोर लावला. ताई म्हणते, "तू ढकलतीयेस ना गं?" वरपासून खालपर्यंत नीट बघते तर काय? साखळ्यांच्या जागी लोखंडी गज, आणि खालून फळी थेट सिमेंटमध्ये पक्की केलेली! साहेब म्हणतात, "दोन्ही टेबलांनी मान्य केलं! बघताय काय, मधला मार्ग काढलाय!" दाढीवाला कुंडीमागे तोंड लपवून उभा.

मी म्हटलं, ताई, ऊठ. आणि सरळ नेली तिला पोरांच्या झोक्यापाशी. तिथं पाटी! 'फक्त बारा वर्षांखालील'. बघा, अखेर लिहिलंच मेल्यांनी! मी पाटीकडे पाठ केली आणि ताईला बसवली. रबरी पट्ट्यावर अशी बसली, काठी मांडीवर आडवी, पाय जमिनीवर घट्ट. म्हटलं, पाय उचल. म्हणाली, "भीती वाटते गं." मी म्हटलं, मी आहे ना मागे.

आणि दिला झोका.

एक हलका, मग दुसरा, मग जरा मोठा. ताईनं साखळ्या घट्ट धरल्या. मग एकदम हसायलाच लागली, अशी हसली की बाकांवरची माणसं वळून बघायला लागली! तोवर वॉचमन शिट्टी फुंकत हजर. "ओ आजी, उतरा! पाटी वाचता येत नाही का? वय काय तुमचं?" मी म्हटलं, आमचं वय कशाला विचारतोस? मागणीचं विचार! झोक्याची मागणी केली त्याला अकरा वर्षं झाली. अकरा! बाराच्या खालीच आहे. जा, विचार तुझ्या साहेबांना! तो बोटं मोजत उभा राहिला. अजून मोजतोय.

जिंकलो हो! अकरा वर्षांनी जिंकलो. आणि तेवढ्यात ताईनं पाय टेकले, काठी माझ्या हातात दिली आणि म्हणते, "झालं. आता तू बस."

"अगं ताई, आत्ता कुठं तुझी पाळी आली! मी काय एवढ्यासाठी भांडले? टेबलं बडवली? अकरा वर्षं—"

"बस म्हटलं ना. मी देते."

आता काय बोलायचं, सांगा! नगरपालिकेपुढे हटले नाही मी, दोन-दोन साहेब पचवले, पण ताईपुढे कधी कुणाचं चाललंय? बसले. निमूट बसले. आणि तिनं मागून धक्का दिला मात्र, माझ्याही नकळत तोंडातून निघून गेलं, "ताई, अजून जोरात!"