येस सर

धुळ्याच्या तुरुंगाबाहेर भेटीची रांग होती. माझ्यापुढे एक बाई आणि एक म्हातारा बोलत होते.

"आत कोण शे, अक्का?"

"मना पोऱ्या, नाना. मालकाची कापसाची गंजी पेटवली म्हणे."

"खरंच पेटवली?"

"कुठली! त्या दिवशी तापानं फणफणला होता. बठ्ठं गाव सांगेल."

"मग कोर्टात बोलला नाही?"

"बोलला ना, इंग्रजीत! दुभाष्या उभा होता, तर म्हणे, मला नको, माझी इंग्रजी चौथी झाली."

"बरं, मग?"

"गोऱ्या साहेबानं विचारलं, तू गंजी पेटवली नाहीस का? हा म्हणाला, येस सर."

"बरोबरच आहे की. हो, नाही पेटवली."

"इंग्रजीत तसं नसतं म्हणे. तिथं येस म्हटलं की पेटवली. साहेबानं लगेच लिहून घेतलं."

"अरे देवा! कुणी सांगितलं नाही त्याला?"

"दुभाष्यानं सांगितलं ना, कानात. म्हणाला, येड्या, नो म्हणायचं असतं."

"मग म्हणाला का?"

"म्हणाला ना. साहेबानं शेवटी विचारलं, तुला अजून काही सांगायचंय का? तेव्हा म्हणाला. चांगला मोठ्यानं. नो सर."