रेघेपर्यंत पाणी

समीक्षा : पिशवी उघडू नका काका. तशीच तरंगू दे पाण्यावर.

दत्ताराम : उघडत नव्हतो. गाठ जरा सैल करत होतो. आत कोंडत असेल, असं वाटलं.

समीक्षा : हवा भरून आणलीय. पिशवीतलं पाणी नि टाकीतलं पाणी सारखं गार-गरम होऊ दे आधी. अर्धा तास तरी.

सुनंदा : सकाळपासून हेच चाललंय गो ह्यांचं. तू यायच्या आधी तीनदा काच पुसून झाली. मला बघायला आले होते तेव्हा एकदा मान वर केली नव्हती, नि आता ह्या रिकाम्या टाकीसमोर तासन्‌तास बसतात.

दत्ताराम : रिकामी नाही. दगड आहेत. त्या दगडांत बारीक जीव असतात.

सुनंदा : पुस्तकात वाचलंत ना, मग असणारच. कॉलेजच्या लायब्ररीतून रिटायर झाले, पण लायब्ररी काही ह्यांच्यातून रिटायर होत नाही.

दत्ताराम : समीक्षा, ही छत्रीसारखी... म्हणजे चुकत असेन मी, पण प्रवाळातली ही मशरूम ना?

समीक्षा : बरोबर. नवीन माणसाला हीच देते मी. उजेड थोडा कमी पडला, पाणी जरा संथ असलं, तरी तक्रार नसते. खाली वाळूजवळ ठेवायची. ही दुसरी पिशवी झोआची. बटणांसारखी दिसतात बघा. ह्यांना हात लावायचा झाला तर हातमोजे घालायचे, नंतर साबणाने हात धुवायचे. डोळ्याला तर अजिबात लावायचा नाही. अंगात विष असतं.

सुनंदा : विष? नि ते माझ्या बाहेरच्या खोलीत?

समीक्षा : आपण वाटेला गेलो नाही तर काही करत नाहीत काकू.

सुनंदा : म्हणजे आमच्या सासूबाईंसारखंच.

दत्ताराम : आणि फांद्या असलेलं? दगडासारखं? आमच्या अमरदीपच्या मोबाइलवर फोटो होता.

समीक्षा : ते दगडी प्रवाळ. कायद्याने बंद आहे, वाघासारखंच. समुद्रातून तुकडा उचलून आणला तरी गुन्हा. माझ्याकडे सगळं मऊ. तसंही सुरुवातीला मऊच बरं. थोडीफार चूक सांभाळून घेतं.

दत्ताराम : किती मोठी चूक?

समीक्षा : का? काय केलंत?

दत्ताराम : काही नाही. असंच विचारलं.

सुनंदा : रविवारी लेक येतोय ना, म्हणून हातपाय गळालेत. सात महिने बोटीवर. उतरला की मुंबईत मित्राच्या खोलीवर. नि आईबापाला दोन दिवस. गेल्या खेपेला आला तेव्हा टाकीवर मी चादर टाकलेली होती. ती वर करून बघितलंन, नि म्हणाला, बाबा, विकून टाका ही, जागा अडते नुसती.

दत्ताराम : रागाने नाही म्हणाला तो.

सुनंदा : रागाने म्हणाला असता तर मला चाललं असतं.

दत्ताराम : कॉलेजात होता तेव्हा जेवणाचं ताट घेऊन इथे बसायचा, टाकीसमोर. मी त्या खुर्चीत वाचत असायचो. फार बोलायचो नाही आम्ही. मला बोलता येत नाही फारसं. पण एका खोलीत असायचो. मधेच तो म्हणायचा, बाबा, हा बघा उघडला. मी उठून जाऊन बघायचो. मला वाटलं, टाकी पुन्हा चालू असली तर तो इथे बसेल. मोबाइल बाजूला ठेवून. तेवढंच वाटलं मला.

समीक्षा : पाण्याचा खार मोजून घेते मी, काका. मग तिसऱ्या पिशवीचं सांगते.

(समीक्षा टाकीतल्या पाण्याचा थेंब मीटरच्या काचेवर घेते आणि मीटर डोळ्याला लावून खिडकीकडे बघते. काच पुसते. पुन्हा थेंब घेते.)

दत्ताराम : पस्तीस ना? टाकी लावून दिलीस तेव्हा पस्तीस होतं. मी लक्षात ठेवलंय.

समीक्षा : काका, पाणी आटलं की काय घालत होतात?

दत्ताराम : आटायचं खरं. उन्हाळा, त्यात वर पंखा. पण तू काचेवर रेघ मारून दिली होतीस, पाणी ह्याच्या खाली जाऊ देऊ नका म्हणून. एक दिवस जाऊ दिलं नाही.

समीक्षा : हो, पण घालत कुठलं होतात?

दत्ताराम : समुद्राचंच. भाट्याच्या किनाऱ्यावरून आणलेलं. नळाचा एक थेंब नाही, तुला शब्द देतो.

सुनंदा : भरती बघून जायचे कॅन घेऊन. कोपऱ्यावरचा रिक्षावाला विचारतो, काय काका, घरातला समुद्र आटला वाटतं?

समीक्षा : काका, पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. ते टाकीतच राहतं. त्यावर तुम्ही आणखी खारं ओतलंत. आटलेल्याच्या जागी गोडं पाणी घालायचं असतं, फिल्टरचं.

दत्ताराम : किती झालंय?

समीक्षा : एक्केचाळीस.

सुनंदा : म्हणजे काय गो?

समीक्षा : म्हणजे काकू, तुमच्या बाहेरच्या खोलीत मिठागर झालंय.

दत्ताराम : समुद्रातल्या जिवाला समुद्राचं पाणी... मला शंकाच आली नाही. एरवी मला सगळ्याच गोष्टींची शंका येते. गॅस बंद केला की नाही हे मी दोनदा उठून बघतो.

समीक्षा : माझीही चूक आहे. रेघ मारून दिली, पाण्याचं बोललेच नाही. मला वाटलं, हे काय सांगायचं.

सुनंदा : बरं, झालं ते झालं. दोन दिवसांचा तर प्रश्न. सोड आत नि जा. तो गेला की बघू काय ते.

समीक्षा : नाही काकू. ह्या खारात सोडले तर आक्रसून जातील. दोन दिवसांत मरणार नाहीत कदाचित, पण नंतर मरतील. नि तो आत आल्याआल्या ओळखेल, काय झालंय ते.

सुनंदा : मग तुझ्याकडचं चांगलं पाणी आणून भर की.

समीक्षा : सगळं एकदम बदललं तर त्या दगडांतले जीव जातात. रोज थोडं काढायचं, तेवढं गोडं घालायचं. आठ-दहा दिवस लागतील.

सुनंदा : तोवर तो निघून गेलेला असेल.

दत्ताराम : तिसऱ्या पिशवीत काय आहे, समीक्षा?

समीक्षा : लेदर. मऊच असतो, चामड्यासारखा. वर बोटं असतात बारीक. हा... हा त्याचाच आहे, काका. अमरदीपचा.

दत्ताराम : त्याचा म्हणजे?

समीक्षा : बोटीवर जायच्या आधी टाकी बंद केली ना, तेव्हा मला आणून दिला होता. लिंबाएवढा होता. आता केवढा मोठा झालाय माझ्याकडे. त्यातला तुकडा कापून आणला. कापला म्हणून मरत नाही हा. तुकडाही वाढतो, मूळही वाढतं. म्हणजे हा तोच आहे.

सुनंदा : आम्हाला तर सांगितलंन, सगळे मेले म्हणून.

समीक्षा : मला म्हणाला, सांभाळ, आलो की घेऊन जाईन.

सुनंदा : नि आला?

समीक्षा : गेल्या खेपेला फोन केला होता. वेळ नाही म्हणाला. आधी रोज विचारायचा, उघडलाय का, कसा दिसतोय. मग कधीतरी. आता मीच फोटो पाठवते. अंगठा येतो.

सुनंदा : आम्हालाही अंगठाच येतो गो.

दत्ताराम : हा मिटलेला दिसतोय. प्रवासाने?

समीक्षा : प्रवासाने असेल. एरवीही मिटतो मधूनमधून. अंगावर पातळ साल येते, आठवडा आठवडा बोटं बाहेर काढत नाही. लोक मेला समजून टाकून देतात. काही करायचं नसतं. पाण्याचा झोत जरा त्याच्याकडे वळवायचा नि थांबायचं.

सुनंदा : थांबायचं. ते एक बरं येतं आम्हाला.

समीक्षा : तिन्ही पिशव्या मी परत नेते आता. काका, गोड्या पाण्याचा कॅन आहे माझ्या स्कूटरवर. आजपासूनच खार उतरवायला घेऊ.

दत्ताराम : आज नको.

समीक्षा : का?

दत्ताराम : रविवारी तो स्वतः मोजेल का?

समीक्षा : मोजणारच. टाकीजवळून न मोजता जाणं त्याला जमत नाही. कुणाचीही टाकी असो.

दत्ताराम : एक्केचाळीस बघून काय करेल?

समीक्षा : आधी तुम्हाला ओरडेल.

दत्ताराम : ओरडू दे. मग?

समीक्षा : मग बादली घेऊन बसेल. थोडं काढेल, थोडं घालेल. दुसऱ्या दिवशी परत.

दत्ताराम : आठ-दहा दिवस.

समीक्षा : घाई केली नाही तर.

सुनंदा : अहो! म्हणजे तुम्ही हे मुद्दाम...

दत्ताराम : नाही गं. मुद्दाम करण्याएवढी अक्कल मला असती तर! झालंय चुकून. पण झालंच आहे तर राहू दे, असं आता वाटतंय. त्या दगडांना काही होईल का, समीक्षा?

समीक्षा : रविवारपर्यंत तग धरतील. फक्त ह्याहून खारं होऊ देऊ नका. आटेल तेवढं गोडं घाला. कॅन ठेवून जाते.

सुनंदा : नि म्हणाला, बाबा, तुम्हीच करा रोज थोडं थोडं, नि बॅग उचलून गेला तर?

दत्ताराम : जाऊ शकतो. मला कुठे खात्री आहे? पण सुनंदा, तो येतो तेव्हा आपण सगळं नीट करून ठेवतो. चादरी धुतलेल्या, ताट वाढलेलं. त्याला ह्या घरात करण्यासारखं काही ठेवतच नाही. मग तो पाहुण्यासारखा बसतो नि पाहुण्यासारखा जातो.

सुनंदा : ...मग मी तो मिक्सरही दुरुस्तीला देत नाही.

दत्ताराम : नको देऊस.

सुनंदा : नि माडीवरचा दिवा. तोही लागत नाही.

दत्ताराम : दिवा राहू दे. पण शिडी काढून ठेव.

समीक्षा : निघते मी. ऊन वाढलं की पिशव्या तापतील.

सुनंदा : रविवारी ये ना जेवायला. पौर्णिमेची खीर करणार आहे मी.

समीक्षा : बघते काकू. गिऱ्हाईक असतं रविवारचं.

दत्ताराम : समीक्षा, तो विचारेल, बाबा, तुम्हाला एकट्याला हे कसं जमलं, कुणी मदत केली? काय सांगू?

समीक्षा : माझं नाव नका सांगू.

दत्ताराम : बरं. नाही सांगत.

समीक्षा : काका.

दत्ताराम : काय गं?

समीक्षा : माझं विचारलंच, तर सांगा.